चकव्याला अडीच पानं झाली, कापू का? (माझा अनुभव, थोडं लांबलंय)

भाऊ, तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत फाशांनी खेळायच्या खेळासाठी मराठीतून स्वतःचं मॉन्स्टरांचं पुस्तक करताय, चाळीस प्राणी ठरलेत आणि एकट्या चकव्यानेच अडीच पानं खाल्लीत, हे वाचून मला माझे जुने दिवस आठवले. माझ्या पुस्तकात चकव्याला तीन पानं होती. हिट पॉइंट (प्राणी किती मार सोसतो), आर्मर क्लास (त्याला मार लागणं किती अवघड) कसे ठरवायचे ते तुम्हाला येत असणारच, त्यात जात नाही.

त्या तीन पानांत चकवा कोणत्या वाटसरूच्या शापातून जन्मला, त्याचे प्रकार किती, सगळं होतं. भुसावळला मित्राच्या घरी तो पहिल्यांदा टेबलावर आणला. थ्री-फेज वीज रात्रीची, म्हणून पाणी भरायला बारानंतर केळीच्या बागेत गेलेला माणूस परतलेला नाही आणि खेळाडू त्याला शोधायला निघालेत. रात्रीची केळीची बाग ज्याने पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. सगळ्या ओळी सारख्या, पानं अंगाला घासतात, दहा पावलांवरचं दिसत नाही. टेबलावर सगळे गप्प झाले होते. आणि मी पुस्तक उघडून शापाची कथा वाचायला लागलो. चार मिनिटं तरी गेली असतील. ती संपल्यावर यावलकडचा एक खेळाडू अगदी मनापासून म्हणाला, "मंग तो करस काय?"

मी पानं उलटत राहिलो. तीन पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं.

त्यानंतर मी प्रत्येक प्राण्याखाली सहा-सात ओळींची चौकट लिहिली: आधी खूण काय दिसते, त्याला काय हवंय, समोर आला की पहिलं काय करतो, कधी पळतो. पुस्तक ११२ पानांचं झालं. आणि इथे माझी सर्वांत महागाची चूक. छापखान्याने (नाव घेत नाही) ऐन वेळी सांगितलं की दिलेला दर सहा फॉर्मचा, म्हणजे ९६ पानांचाच आहे. दोन दिवसांत सोळा पानं कमी करा, नाहीतर पुढच्या महिन्यात या. मी चौकटी कापल्या. कथा लिहायला रात्री जागवल्या होत्या, त्यांना हात लावायचा जीव होईना. चूक माझीच, पण त्या छापखान्याचा राग अजून गेलेला नाही. प्रूफ दाखवायचं कबूल करून दाखवलं नाही. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार उडाले, आणि मार मोजायच्या '२ फासे + ३' मधलं अधिकचं चिन्ह जाऊन तिथे भलतंच अक्षर उमटलं. दोनशे प्रतींत एकाही प्राण्याचा मार धड वाचता येत नव्हता. विचारायला गेलो तर म्हणे, फाइल तुम्हीच दिली. तुम्ही शेवटची पीडीएफ स्वतः बनवा आणि छापील प्रूफवर सही केल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका.

आता लांबीचं. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं १९७७चं पहिलं मॉन्स्टर मॅन्युअल ११२ पानांचंच होतं, पण त्यात साडेतीनशेहून जास्त प्राणी बसवले होते. माझ्या ९६ पानांत सत्तावीस. ते पुस्तक अनेकांना रूक्ष वाटतं, मला नाही वाटत. किती संख्येने भेटतात, किती दुर्मीळ आहेत, बिळात सापडायची शक्यता किती टक्के, एवढ्या आकड्यांवर डीएम (खेळ चालवणारा) प्रसंग उभा करू शकतो. १९८९मध्ये त्याच खेळाच्या प्राण्यांची सुट्या पानांची फाइल आली. लढाई, वस्ती आणि समाज, पर्यावरण असे ठरलेले भाग, साधारण प्राण्यामागे एक पान. पर्यावरणाचा भाग मला फार आवडायचा, पण पान भरायचंच म्हणून भरलेला मजकूरही त्यात बराच होता. उलट २००८च्या चौथ्या आवृत्तीत लढाईची मांडणी चोख होती, तर प्राणी लढत नसतो तेव्हा काय करतो हे फार थोडं सांगितलंय, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मलाही ती पटते.

म्हणून माझं मत (तुमचं टेबल वेगळं असेल, सवयी वेगळ्या असतील): खेळाडूच्या हाताला लागू शकेल तेवढंच लिहा. शापाची कथा ठेवायचीच असेल तर ती बागेतल्या एखाद्या दगडावर कोरा किंवा गावातल्या म्हातारीच्या तोंडी घाला, म्हणजे ती खेळात सापडेल. माझा चकवा आता असा आहे: तीच फाटलेली ठिबकची नळी दुसऱ्यांदा पायाखाली येते. त्याला कुणाला मारायचं नाहीये, उजाडेपर्यंत चालवायचंय. रांगेत शेवटी असलेल्याच्या आवाजात तो पुढून हाक मारतो. सगळे जागच्या जागी बसले तर त्याचं काही चालत नाही. आकड्यांसकट पाऊण पान होतं.

मुंजाला तर तीन ओळी पुरतात. पिंपळ आणि मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा, एवढं आपल्या वाचकाला लहानपणापासून माहीत असतं. तुमचा मुंजा वेगळं काय करतो तेवढं लिहा. आऊलबेअर (घुबडाचं डोकं असलेलं अस्वल) मात्र आपल्याकडे कुणाच्या आजीने सांगितलेला नाही, त्याला जागा द्या. संपूर्ण मोहिमेचा खलनायक असेल तर दोन पानंही चालतील.

डाकीण तुमच्या यादीत आहे, ती कृपया काढा. सातपुड्यात या आरोपावरून खऱ्या बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा, तो काही उगाच आला नाही. ज्या नावाने शेजारच्या तालुक्यातली बाई जीव मुठीत धरून राहते, त्या नावापुढे हिट पॉइंट लिहिणं मला अजिबात पटत नाही. तीच क्षमता दुसऱ्या नावाने द्या.

आणखी एक. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा एसआरडी ५.१ (इतरांना वापरता येईल असा मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय देऊन त्यातले स्टॅट ब्लॉक (प्राण्याच्या आकड्यांच्या चौकटी) मराठीत आणता येतात. बीहोल्डरचा (अनेक डोळ्यांचा तरंगता राक्षस) स्टॅट ब्लॉक त्यात नाही, तेव्हा तो घेऊ नका. मी वकील नाही, विकायचं पुस्तक असेल तर जाणकाराला विचारा.

चकवा नव्याने लिहून झाला की इथे टाका. शनिवारी आमचं टेबल असतं, चालवून बघतो आणि कुठे अडलं ते कळवतो.