इंग्लंडमध्ये ‘कॉमन’ दिसू नये म्हणून काय काय टाळावं?

तुम्ही नोकरीसाठी सहकुटुंब लंडनजवळच्या सरे परगण्यात येताय आणि इथले लोक कशाला ‘कॉमन’ म्हणून नाक मुरडतात ते तुम्हाला हवंय. घ्या: रस्त्याकडच्या खिडकीला जाळीचे पडदे, ऐकू आलं नाही की ‘पार्डन’ म्हणणं, संडासाला ‘टॉयलेट’ म्हणणं. उमराव घराण्यातल्या लेखिका नॅन्सी मिटफर्ड यांनी 1955 साली असल्या शब्दांवर लेख लिहिला आणि इथला मध्यमवर्ग तेव्हापासून बोलताना बिचकतोय. पैशाने हे सुटत नाही. मायकेल हेसल्टाइन श्रीमंत होते, मंत्री होते, तरी ‘याला फर्निचर स्वतः विकत घ्यावं लागलं’ असा शेरा त्यांच्याच हुजूर पक्षातल्या एकाने मारल्याचं त्याच पक्षाचे खासदार ॲलन क्लार्क यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय. म्हणजे वाडवडिलांकडून आलं नाही ते सगळं हलकं. अशांची मर्जी तुम्ही कशी राखणार?

मी बर्मिंगहॅमला राहते. लेक इथलीच, बोलणं अस्सल इथलं. धाकटे दीर तुमच्या त्या सरेत. एका नाताळात त्यांच्याकडे जेवायला शेजारचं जोडपं होतं. लेक शाळेतल्या प्रयोगाबद्दल रंगून सांगत होती, तेवढ्यात शेजारीणबाईंनी तिचं वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवलं आणि हसल्या. भावोजीही हसले. पोर गप्प झाली ती ताट उचलेपर्यंत. नंतर स्वयंपाकघरात भावोजी म्हणाले, “वहिनी, तिला उच्चारांच्या शिकवणीला घाला, खर्च मी करतो. फार कॉमन वाटतं हो.” मी विचारलं, “सासूबाईंच्या सातारी बोलण्याला पुण्यात तुमचे मित्र हसले, तेव्हा भरल्या ताटावरून कोण उठलं होतं?” ते काही बोलले नाहीत. शिकवणीचा विषय मात्र पुढे दर दिवाळीच्या फोनवर निघायचाच.

बीबीसीच्या उपक्रमात लोकांना 34 उच्चारांची प्रतिष्ठा ठरवायला सांगितली, तेव्हा बर्मिंगहॅम तळाला गेलं. आपला आशियाई उच्चारही तिथेच आसपास. म्हणजे शेजारीणबाईंच्या लेखी भावोजी माझ्या लेकीच्याच पंगतीत बसलेले होते. ते त्यांना अजून पटलेलं नाही.

बर्मिंगहॅमचा उच्चार कारखान्यांत राबणाऱ्यांचा, म्हणून तो हलका. दुसरं काहीही कारण नाही. 1941 मध्ये निवेदक विल्फ्रेड पिकल्स यांनी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या उच्चारांत रेडिओवर राष्ट्रीय बातम्या वाचल्या, तर श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बातम्या त्याच होत्या.

आता हेही सांगायला हवं की नुकसान खरं असतं. खासगी शाळांत जेमतेम 7 टक्के लोक शिकतात, पण 2019 च्या एका अहवालानुसार वरिष्ठ न्यायाधीशांपैकी 65 टक्के तिथून आलेले. भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या 2010 च्या समानता कायद्यात वंश, धर्म, वय वगैरे आहेत, सामाजिक वर्ग नाही. त्यामुळे तुमचं क्षेत्र वकिलीचं किंवा बड्या बँकेचं असेल तर तुम्ही स्वतः हवं ते शिका, त्यात कमीपणा नाही. मुलांना मात्र शाळेत जसं बोलतील तसं बोलू द्या, आणि जेवणाच्या टेबलावर कुणी हसलं तर तिथल्या तिथे टोका.

लेक आता इथल्याच रुग्णालयात सुईण आहे. कळा देणाऱ्या बायकांना ती त्याच सुरात धीर देते. भावोजी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: शिकवणीचे पैसे नकोच होते, त्या दुपारी तुम्ही शेजारीणबाईंना थांबवायला हवं होतं.