कूलरच्या एका पॉइंटसाठी परमिटवाला वायरमन लागतो का?

आपण विचारले आहे की, उन्हाळ्यापूर्वी ओसरीत कूलरसाठी एकच पॉइंट काढायचा असून गावातला अनुभवी माणूस तो स्वस्तात करून देत असेल, तर परमिटवाला शोधण्याची गरज आहे का. गरज आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्वीच त्याच क्षमतेचा बदलायला परवाना लागत नाही. नवीन पॉइंट मात्र मूळ वायरिंगमधली भर ठरते आणि ती परवानाधारक ठेकेदारामार्फत, प्रमाणित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या वायरमननेच करायची असते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत हे होते आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ते कायम राहिले.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझे मामा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात वीस वर्षे विनापरवाना वायरिंग करत होते. मी आयटीआयची दोन वर्षे पूर्ण करून परमिट घेतले, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "कागदानं लाईट लागते काय?" पुढच्याच मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या घरचा कूलर थांबला. मामींना वाटले लाईट गेली, म्हणून बटण बंद न करताच त्या बादलीने पाणी भरू लागल्या, आणि पत्र्याला हात लागताच मागे फेकल्या गेल्या. वाचल्या, एवढेच. मी मेन बंद करून बोर्ड उघडला, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या तारेच्या) स्क्रूपासून अर्थच्या (गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या) पिनपर्यंत बोटभर तांबडी वायर जोडलेली होती, कारण घराला अर्थिंगचा खड्डाच नव्हता. सॉकेटकडे येणारी न्यूट्रल सैल पडून जळाली होती; ती तुटताच मोटरमधून आलेला फेज, म्हणजे जिवंत तारेतली वीज, त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर उतरला होता. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत असा कूलर बिनबोभाट चालतो, त्यामुळे "इतकी वर्षं काही झालं नाही" या मामांच्या म्हणण्याने काहीच सिद्ध होत नव्हते.

नंतर मी मीठ-कोळसा घालून पाइप अर्थिंग केले आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्वीच, बसवली. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. आता ते काम मामीच करतात.

परमिट असले म्हणजे काम चांगलेच होईल असे मात्र नाही; घर न पाहता टेस्ट रिपोर्टवर सही करणारे ठेकेदारही मी पाहिले आहेत, आणि मामांचा जॉइंट माझ्यापेक्षा सफाईदार असे, हेही मान्य करतो. तेव्हा परमिट पाहाच, पण पॉइंट काढायला येणाऱ्याला अर्थ कुठून घेणार हेही आधी विचारा. "न्यूट्रलमधूनच घेतो" असे तो म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना.