मूल शाळेत बोलत नाही, म्हणून घरातली मराठी थांबवावी का?

परदेशात नव्याने गेलेले पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. मूल तिथल्या शाळेत तोंड उघडत नसेल, तर त्याला ती भाषा लवकर यावी यासाठी घरी मराठी बोलणे बंद करावे का? पुढे सांगत असलेले उदाहरण संबंधित कुटुंबाच्या संमतीने, नावे आणि ओळखीचे तपशील बदलून देत आहे.

मधुरा आणि तिचे पती ऑगस्टमध्ये चिंचवडहून जर्मनीतील श्टुटगार्टला राहायला गेले. मोटारींचे शहर असल्याने पुण्याकडच्या अभियंत्यांना ते नवे नाही, आणि मधुराच्या पतींना तिथे चांगली नोकरी मिळाली होती. त्यासाठी मधुराने बँकेतली नऊ वर्षांची नोकरी सोडली. सहा वर्षांची सई सप्टेंबरमध्ये पहिलीच्या वर्गात जाऊ लागली, आणि ज्यांना जर्मन येत नाही अशा मुलांसाठीच्या पूर्वतयारी वर्गातही ती बसू लागली. नोव्हेंबरअखेर मधुराने ऑनलाइन भेटीची वेळ घेतली. तिच्याकडे दुपारचे दीड वाजले होते, माझ्याकडे संध्याकाळचे सहा.

“मॅडम, पुण्यात हिला गप्प बस म्हणून ओरडावं लागायचं. इथं बाई म्हणाल्या, दहा आठवडे झाले, आम्ही हिचा आवाजच ऐकला नाही,” असे म्हणताना तिला रडू आवरेना.

ओळखीच्या एका कुटुंबाने दिलेल्या सल्ल्यावरून या दोघांनी तीन आठवड्यांपासून घरात फक्त जर्मन बोलायचे ठरवले होते. दोघांचीही जर्मन जेमतेम असल्याने रात्रीची जेवणे मुकाट्याने होऊ लागली. ताटावर बसून ‘पाणी दे’ म्हणायचीही चोरी झाली होती.

मी विचारले, “सई एकटी असताना काय करते?” मधुराने सांगितले की ती बाहुल्या ओळीने बसवते आणि बाई होऊन त्यांना शिकवते. मी तिला दाराआडून ते ध्वनिमुद्रित करायला सांगितले. दोन दिवसांनी आलेल्या त्या तुकड्यात सई बाहुल्यांना दटावत होती : “लाइजे, लाइजे! किती आवाज करता गं!” लाइजे म्हणजे हळू. वर्गात बाई दिवसातून कितीतरी वेळा म्हणत असतील तो शब्द, त्यांच्याच सुरात.

नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकतात. बाहेरून ते मौन दिसते, पण आत शब्दांची जुळवाजुळव चाललेली असते. सई वर्गात खुणेने मागत होती, मधल्या सुट्टीत एका मुलीचा हात धरून दोरीवरच्या उड्या मारत होती, घरी आल्यावर मराठीत अखंड बोलत होती, किमान मराठीला बंदी येईपर्यंत तरी. म्हणून मला तिची काळजी वाटली नाही. मात्र जे मूल येत असलेल्या भाषेतही ठरावीक ठिकाणी किंवा ठरावीक माणसांसमोर गोठल्यासारखे गप्प होते, खुणाही करत नाही, खेळत नाही, किंवा ज्याचे आधी येणारे शब्दच नाहीसे होऊ लागतात, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा वाचातज्ज्ञांकडे न्यायलाच हवे. तिथे ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबणे चूक ठरते.

घरात मराठी पुन्हा सुरू करा, असे मी दोघांना स्पष्ट सांगितले. मोजणे, वेळ, कार्यकारण, गोष्टीचा आदि-अंत या समजुती मूल एका भाषेत पक्क्या करते, तेव्हा दुसऱ्या भाषेत त्यांना फक्त नवी नावे द्यावी लागतात. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार, रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा यायला साधारण 2 वर्षे लागतात, तर अभ्यासाची भाषा वयाला साजेशी यायला 5 किंवा त्याहून अधिक वर्षे. मग दहा आठवड्यांचा हिशेब कशाला मांडायचा? शिवाय रागावणे, समजावणे, लाड करणे हे आईबाबांना मोडक्या भाषेत साधत नाही. तोडकी जर्मन ऐकून सईची जर्मन सुधारणार नव्हती, पण संध्याकाळी मन मोकळे करायची तिची जागा मात्र जात होती.

दुसऱ्या भेटीत मी मधुराला विचारले, “घराबाहेरच्या माणसाशी तुम्ही शेवटचं निवांत कधी बोललात?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितलेली गोष्ट मला अजून आठवते. त्या भागात इमारतीतील रहिवाशांनी आळीपाळीने जिना आणि आवार झाडायचे, अशी जुनी रीत आहे. तिला ‘केरवोखे’ म्हणतात (नावातच आपल्या कानाला केर ऐकू येतो), आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला छोटी पाटी लावतात. पाटी आली की मधुरा साडेचारनंतर अंधार पडायची वाट पाहायची आणि कोणी भेटू नये अशा बेताने जिना पुसून पटकन आत यायची. दिवसभर काउंटरवर माणसांशी बोलणारी ही बाई आता जिन्यात माणूस टाळत होती. सईला शाळेत ज्याची भीती वाटत असेल असे तिला वाटत होते, ती भीती खरे तर तिची स्वतःची होती.

पतींकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास परवाना) असल्याने नोकरीची परवानगी तिलाही होती, पण भाषेपाशी अडले होते. जानेवारीपासून सईच्या शाळेच्या वेळात तिने शहराच्या लोकशिक्षण केंद्रातला सकाळचा जर्मन वर्ग लावला. जिना शनिवारी सकाळी, सईला सोबत घेऊन पुसायचा आणि भेटेल त्याला किमान एक वाक्य बोलायचे, एवढेच मी सुचवले. पहिल्या शनिवारी तिच्याच्याने नुसता नमस्कारही झाला नाही, हेही तिने प्रामाणिकपणे कळवले.

सई शाळेत अजून एक-दोन शब्दांतच उत्तरे देते. घरात त्याची मोजदाद आता कोणी करत नाही. मार्चमध्ये जिना पुसून झाल्यावर ती पाटी शेजारच्या आजींच्या दाराला लावत होती, तेवढ्यात आजींनी दार उघडले. सई म्हणाली, “येट्स्ट बिस्ट दू द्रान!” म्हणजे, आता तुझी पाळी. वयस्कर बाईंना अगंतुगं केलेले ऐकून मधुराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने सईला मराठीत दटावले आणि आजींची जर्मनमध्ये माफी मागितली. आजी हसल्या, तिला मूळ गाव विचारले, आणि दोघी दारातच वीस मिनिटे बोलत उभ्या राहिल्या.