मोठा भूकंप होऊन गेला म्हणजे ताण संपला का?

प्रश्न: २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला, त्सुनामी आली. एवढी ताकद एकदा बाहेर पडल्यावर तिथली जमीन शांत व्हायला पाहिजे ना? मग तीनच महिन्यांत शेजारी नियास बेटापाशी ८.६ चा दुसरा कसा काय झाला?

उत्तर: बातम्यांमध्ये नकाशावर एक लाल ठिपका दाखवतात ना, गैरसमज तिथूनच सुरू होतो, कारण एवढा मोठा भूकंप एका ठिकाणी होतच नाही. समुद्रतळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड मोठा भाग, दुसऱ्या प्लेटखाली वर्षाला काही सेंटीमीटर या हिशोबाने घुसत असते, पण दोघींमधला सांधा घट्ट अडकलेला असतो, त्यामुळे वरच्या प्लेटची कडा शेकडो वर्षं खाली ओढली जात राहते आणि एक दिवस त्या सांध्याचा एखादा तुकडा सुटतो. तो सुटला की त्याने पेललेला भार शेजारच्या तुकड्यावर जातो, मग तोही सुटतो, मग त्याच्या पुढचा, जुनी चादर टर्रकन फाटत जावी तसं. २००४ मध्ये हे फाटणं सुमात्राच्या वायव्येला सुरू झालं आणि सेकंदाला साधारण दोन-अडीच किलोमीटरने उत्तरेला पार अंदमानपर्यंत गेलं, सुमारे १३०० किलोमीटर, आठ-दहा मिनिटं! ठिपका म्हणजे फक्त सुरुवातीची जागा.

आता फाटणं जिथे थांबतं तिथे बघा. फाटलेल्या भागातला ताण बराचसा उतरतो हे तुमचं बरोबरच आहे, पण टोकाचे न फाटलेले धागे आधीपेक्षा जास्त ताणले जातात. दक्षिणेच्या टोकाला नेमकं तेच झालं. शास्त्रज्ञांनी हा हिशोब करून १७ मार्च २००५ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापला होता, की शेजारच्या भागावर ताण वाढलाय, धोका आहे. २८ मार्चला नियास हादरलं. त्यांनी तारीख सांगितली नव्हती, ती कोणालाच सांगता येत नाही, पण जागेचा इशारा खरा ठरला आणि मला ही या शास्त्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

वाढलेला ताण किती असतो माहितीये? जेमतेम काही बार (बार हे दाब मोजायचं एकक), आणि गाडीच्या टायरमध्येच दोन-अडीच बार हवा असते. एवढ्याने नवा भूकंप तयार होत नाही, जो फॉल्ट, म्हणजे खडकातली भेग, आधीच सुटायच्या बेतात आहे तो लवकर सुटतो एवढंच. उलट काही फॉल्टवरचा ताण कमीही होतो आणि ते लांबणीवर पडतात.

आणि परिणाम फक्त त्याच सांध्यावर होतो असंही नाही. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपात सांध्याचा काही भाग ५० मीटरच्या आसपास सरकला, किनारा पूर्वेला ५ मीटरपर्यंत गेला, म्हणजे इतकी वर्षं दाबली गेलेली जमीन आता ताणली गेली. बरोबर एक महिन्याने, ११ एप्रिलला, फुकुशिमा प्रांतात जमिनीवरचे फॉल्ट ताणामुळे खाली घसरून सुमारे ७ चा भूकंप झाला.

प्रश्न: मग छोटे छोटे भूकंप होत राहिले तर ताण हळूहळू निघून जाईल, हे चांगलंच ना?

उत्तर: नाही हो, तेवढ्याने भागत नाही. तीव्रता एकने वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट होते, त्यामुळे ९ च्या एका भूकंपाची भरपाई करायला ६ चे तीस हजारांहून जास्त भूकंप लागतील.