सात नंबर

बाळा,

परवा इथे नॉर्वेत, एल्गानेच्या स्पीडवे ट्रॅकवर, पिटमध्ये तू क्लच उघडून बसला होतास आणि मान वर न करता म्हणालास, "काका, इंग्लंडवाले सात नंबर देतायत." पोरं तुझं अभिनंदन करत होती आणि तुझा चेहरा पडलेला. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून झोप लागेना आणि लिहायला बसलो.

मातीच्या ट्रॅकवर ब्रेक नसलेल्या मोटारसायकलवर चार फेऱ्या मारणाऱ्या पोराला धीर मी काय देणार! तुझी अडचण भीतीची नाही, मानाची आहे. इथे तू क्लबचा एक नंबर, तिथे संघातला सातवा, म्हणजे राखीव. आता माझी वही बघ. गेल्या अख्ख्या उन्हाळ्यात तू शर्यत सुटायच्या टेपसमोर एकेचाळीस वेळा उभा राहिलास. तिथे एका सामन्यात पंधरा हीट, म्हणजे चार फेऱ्यांच्या छोट्या शर्यती, असतात, दुसरी हीट तर राखीवांचीच. सात नंबरला तीन-चार हीट छापील कार्यक्रमातच मिळतात आणि वरचा कुणी ढेपाळला की त्याचीही हीट तुझ्याकडे येते. म्हणजे दहा-बारा सामन्यांत तुझा इथला पूर्ण हंगाम. टेपसमोर किती वेळा उभा राहिलास, एवढंच मोज. बाकी काही मोजू नकोस.

कारण ही विद्या दुसरीकडे कुठे मिळत नाही. आतल्या गेटवरची, म्हणजे टेपमागच्या सगळ्यात आतल्या जागेवरची, माती कधी उखडते, फेऱ्यांगणिक बाहेर फेकला गेलेला चुरा सगळ्यात बाहेरच्या, चौथ्या गेटवाल्याला कधी पकड देऊ लागतो, टेप उठायच्या आधी शेजारच्याचा खांदा कसा हलतो, हे सांगून कळतं का? मी तुला शंभरदा सांगितलं आणि तू शंभरदा मान हलवलीस. पहिल्या वळणावर मात्र तू अजून उशिराच पोचतोस. राग आला तर येऊ दे.

नॉर्वेच्या रायडरला हे नवं नाही. इथला हंगाम आखूड आणि पोट भरेल अशी लीग नाही, त्यामुळे नाव कमवायचं तर बाहेर जाणं आलंच. स्वेरे हारफेल्ट लंडनला गेला, वेस्ट हॅमकडून खेळला. 1965 साली ब्रिटिश लीगच्या पहिल्याच हंगामात तो संघ विजेता झाला. पुढच्या वर्षी गोथेनबर्गच्या उलेव्ही मैदानावर जागतिक फायनल होती. बॅरी ब्रिग्जचे पंधरापैकी पंधरा गुण आणि हारफेल्टचे चौदा. जगात दुसरा! ते चौदा गुण मला लंडनच्या मातीतले वाटतात. रायदार आयडेनेही स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं काढली.

आणि रुने होल्टा तर आपल्या स्टाव्हांगरचाच. तो पोलंडला गेला, तिथलं नागरिकत्व घेतलं, 2003 आणि 2007 साली पोलंडचा राष्ट्रीय विजेता झाला. 2007 आणि 2010 चा वर्ल्ड कपही त्याने पोलंडच्या संघातून जिंकला. इथे काही लोक अजून तोंड वाकडं करतात. मला त्यांचं पटत नाही. जिथे रोज चांगल्या माणसांशेजारी उभं राहता येतं तिथे तो गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याला आपलं म्हटलं. यात दगा कुठे आला? तुझे आईवडील सांगली सोडून इथे आले, तेव्हा त्यांनी कुणाला दगा दिला?

आता माझं ऐक. कोल्हापुरात मी येझदीवर मातीच्या शर्यती मारायचो. वर्षातून तीन, फार तर चार. त्यातल्या दोन जिंकायचो आणि वर्षभर त्यावर मिरवायचो. एकदा मद्रासच्या एका टीमने शोलावरमच्या शर्यतींसाठी बोलावलं, तिसरा रायडर म्हणून. मी नाही म्हणालो. अण्णांचं दुकान होतं, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. हे सगळं खरं होतं आणि पुढे ते मी निभावलंही, त्याबद्दल मला कुणी बोल लावू नये. पण त्या दिवशीचा नकार त्यासाठी नव्हता. तो 'तिसरा' या शब्दासाठी होता. माझ्या ढाली आईच्या कपाटात राहिल्या आणि मी पहिलाच राहिलो, तीन शर्यतींच्या गावात.

तुझी आई म्हणते, काका स्वतःचं राहिलेलं पोराकडून करून घेतात. असेलही. पण म्हणून वहीतले एकेचाळीस काही वाढत नाहीत.

इंजिनिअरिंगचं विचारलंस. एक वर्ष थांबव. ते कॉलेज पुढच्या वर्षीही तिथेच असेल, सात नंबर तोवर दुसऱ्या कुणाचा झालेला असेल. पैसे कमी पडतील, व्हॅनमध्ये झोपशील, सुरुवातीचे सामने शून्यावर जातील. तेव्हा मला फोन करून गुण सांगू नकोस. किती हीट मारल्यास ते सांग.

शनिवारी सकाळी गॅरेजवर ये. तिकडचे काही ट्रॅक आपल्यापेक्षा आखूड आहेत, म्हणून मागच्या चाकासाठी जास्त दात्यांचे दोन स्प्रॉकेट काढून ठेवलेत. क्लच प्लेट्सचा नवा सेट माझ्याकडून. आईशी मी बोलतो.

तुझा,
काका