नीरोच्या हातात नेमकं काय होतं?

प्रश्न असा आला आहे: ‘रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत होता’ असं अग्रलेखांत वाचायला मिळतं, पण बोलताना बरेच जण ‘बासरी वाजवत होता’ म्हणतात. यातलं बरोबर कोणतं, आणि मराठीत लिहिताना काय लिहावं?

दोन्ही चूक. फिडल हे व्हायोलिनच्या जातीचं, गजाने वाजवायचं वाद्य. गजाने तार घासायची ही कल्पनाच रोमन लोकांना ठाऊक नव्हती. युरोपात गज आला तो दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास, आणि आपण ओळखतो ते व्हायोलिन सोळाव्या शतकातल्या इटलीत घडलं. नीरोचं राज्य होतं इ. स. ५४ ते ६८.

तो वाजवायचा ते वाद्य म्हणजे किथारा. खाली लाकडी पोकळ पेटी, तिच्यातून वर निघालेले दोन बाहू, बाहूंना जोडणारी आडवी दांडी आणि दांडीपासून पेटीपर्यंत ताणलेल्या ताती, बहुधा सात. वाद्य उभं धरून डाव्या अंगाला टेकवायचं, नखीने छेडायचं आणि सोबत स्वतःच गायचं. नीरोने हे गंमत म्हणून केलं नव्हतं. टर्प्नस नावाचा त्या काळचा नामांकित किथारावादक त्याने गुरू केला होता. आवाज कमवायला तो छातीवर शिशाचा पत्रा ठेवून उताणा पडून राहायचा, असं त्याचा चरित्रकार स्वेटोनिअस लिहितो. ‘गिटार’ हा शब्द याच किथारापासून फिरत फिरत आला आहे. सतार मात्र या घरची नाही. ती फारसी ‘सेह-तार’, म्हणजे तीन तारांची.

मग फिडल आलं कुठून? इंग्रजीतून. शेक्सपिअरच्या ‘हेन्री सहावा’च्या पहिल्या भागात जळती गावं बघत नीरो ल्यूट वाजवतो. पुढे इंग्रजांनी त्याच्या हाती फिडल दिलं. इंग्रजीत ‘फिडल’चा दुसरा अर्थ हाताने उगाच चाळा करत बसणं, त्यामुळे ते वाक्य दोन्ही अंगांनी जमून गेलं. आपण वाक्य उचललं, चाळा तिकडेच राहिला. शब्दाला शब्दच द्यायचा तर सारंगी द्यायला हवी होती, गज तिलाही लागतो.

बासरी हिंदीच्या वाटेने आली असावी, असा माझा अंदाज. हिंदीत ‘चैन की बंसी बजाना’ हा रुळलेला वाक्प्रचार आहे, कसली फिकीर न करता मजेत राहणं या अर्थाचा. बेफिकीर राजाच्या हाती ती बंसी सहज गेली असणार. गंमत अशी, की फुंकवाद्याला थोडासा आधार आहे. सिंहासन डळमळू लागलं तेव्हा, यातून वाचलो तर विजयोत्सवात जलऑर्गन, नळीवाद्य आणि मशकवाद्य स्वतः वाजवून दाखवीन, असा नवस नीरो बोलला होता, असं स्वेटोनिअस सांगतो. पण ही गोष्ट सन ६८ मधली, आगीनंतर चार वर्षांनी. शिवाय रोमन नळीवाद्याला पत्ती असायची, म्हणजे ते सनईच्या कुळातलं. बासरीचा दावा तिथेही टिकत नाही.

आता मूळ प्रसंग. आग लागली सन ६४ च्या १८ जुलैच्या रात्री, सर्कस मॅक्सिमस या रथशर्यतींच्या मैदानालगतच्या दुकानांत. सहा दिवस ती धुमसली, आटोक्यात आल्यासारखी वाटली आणि पुन्हा भडकली. शहराच्या १४ विभागांपैकी ३ पार बेचिराख झाले, ७ मध्ये पडझड झाली, ४ वाचले. नीरो तेव्हा रोममध्ये नव्हताच. तो सुमारे ५० किलोमीटरवरच्या अँटियममध्ये होता, आजच्या अँझिओत. आग स्वतःच्या वाड्याला भिडू लागली तेव्हा तो परतला. आल्यावर त्याने बेघरांसाठी सार्वजनिक इमारती आणि स्वतःच्या बागा उघडल्या, ऑस्टिया बंदरातून आणि आसपासच्या गावांतून अन्न आणवलं, धान्याचे भाव उतरवले. हे लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस नीरोचा मित्र नव्हे, चांगला कडवा टीकाकार.

तोच पुढे म्हणतो की या मदतीचं श्रेय नीरोला मिळालं नाही. कारण शहर जळत असताना तो आपल्या खाजगी रंगमंचावर ट्रॉयच्या विध्वंसाचं गाणं गायला, अशी वदंता पसरली होती. टॅसिटसने वदंता म्हणून दिलेली गोष्ट स्वेटोनिअसने घटना म्हणून दिली: नाटकी पोशाख चढवून मिसीनसच्या मनोऱ्यावरून गायन. सुमारे दीडशे वर्षांनी लिहिणाऱ्या कॅसिअस डिओने त्याला थेट राजवाड्याच्या छपरावर नेलं, तेही किथारावादकाच्या वेषात. जागा तीन, गाणं एक. म्हणजे आरोप मुळात गाण्याचा आहे, वाद्य त्याच्या पोटातलं.

गाण्याचा एवढा राग का, हे आपल्याला चटकन उमगत नाही. आपल्याकडे समुद्रगुप्त सोन्याच्या नाण्यावर वीणा वाजवत बसलेला आहे, आणि प्रयागच्या स्तंभलेखात त्याने संगीतात तुंबरू-नारदांना लाजवलं असं त्याचं कौतुक आहे. राजाला कला येणं ही आपल्याकडे शोभा. रोममध्ये रंगमंचावर उतरून पोट भरणाऱ्याला कायद्यानेच कमी प्रतिष्ठेचं मानलं जाई. खानदानी घरात शिकलेली कला घरात ठेवायची, तिचा जाहीर प्रयोग म्हणजे बेअब्रू. नीरोने नेमकं तेच केलं. आगीच्याच वर्षी तो नेपल्समध्ये जाहीरपणे गायला, पुढे ग्रीसभर स्पर्धांतून फिरला आणि जिंकून आला (परीक्षकांची काय बिशाद होती म्हणा). किथारावादकाच्या वेषातली आपली मूर्ती त्याने नाण्यावरही काढली. आईचा खून, बायकोचा खून, गुरू सेनेकाला आत्महत्येचा हुकूम, हे सगळं त्याच्या खाती आहेच. तरी त्याचा इतिहास लिहिणाऱ्या उच्चभ्रूंना गाणं जवळपास तितकंच झोंबलेलं दिसतं. सामान्य लोकांत तो इतका नावडता नसावा. त्याच्या थडग्यावर पुढे कित्येक वर्षं लोक फुलं वाहत होते, आणि ‘मीच नीरो’ म्हणणाऱ्या तोतयांना पूर्वेकडे अनुयायीही मिळाले. पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया माहीत असलेल्या मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये.

थोडक्यात, मराठीत आपण हे वाक्य बेफिकिरीसाठी वापरतो, कुणाला कशाचं सोयरसुतक नाही या अर्थाने. त्या काळच्या रोमन माणसाचा संशय वेगळा आणि जास्त गंभीर होता. जळालेल्या जागेवर नीरोने तळं, बागा, कुरणं असलेला अवाढव्य ‘सुवर्णमहाल’ उभा करायला घेतला. त्याच्यासाठीच आग लावली, असं लोक बोलू लागले. हा आरोप ‘एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवू पाहतो विडी’ या म्हणीच्या जवळ जातो. (नीरोच्या पितृघराण्याचं नाव अहेनोबार्बस, म्हणजे तांबूस दाढीवाले; पण म्हणीशी त्याचा संबंध जोडू नका.) ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण इथे काही जण वापरतात, ती मात्र चालणार नाही. तिच्यात धडपड आहे, फक्त भलत्या ठिकाणी.

वापराबद्दल बोलायचं तर वाक्प्रचारात वाद्य सोडूनही भागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गुजरात दंगलीतल्या जळिताचा बेस्ट बेकरी खटला महाराष्ट्रात हलवताना, निरपराध जळत असताना दुसरीकडे बघत राहिलेले ‘आधुनिक नीरो’ अशा अर्थाचे शब्द वापरले. त्यात ना फिडल, ना बासरी, आणि कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

तेव्हा अग्रलेखात किंवा भाषणात ‘फिडल’ खुशाल लिहा. ते आता रुळलं आहे आणि रुळलेल्या वाक्प्रचाराला इतिहासाचा दाखला कुणी मागत नाही. बासरी मी स्वतः लिहीत नाही, कारण ती वाचली की डोळ्यांसमोर भलताच कुणी उभा राहतो. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ‘किथारा वाजवत गात होता, अशी वदंता होती’ असंच हवं. ‘वदंता’ गाळली तर चूक वाद्याच्या चुकीपेक्षा मोठी होते.

जाता जाता: नीरो की निरो? शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य इकार ऱ्हस्व, या मराठी नियमाने ‘निरो’ व्हायला हवं. लॅटिनमध्ये तो मुळात ‘नेरो’. विशेषनामाला मी प्रचलित उच्चार पाहतो, म्हणून ‘नीरो’ लिहितो. ‘निरो’ लिहिणाऱ्याशी भांडणार नाही.