ताल चुकतो की लय? आणि कैताळाचं काय?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका वाचकाचा. ‘पॅरॅप्पा द रॅपर’ हा रॅपच्या ठेक्यावर बटणं दाबायचा, प्लेस्टेशनवरचा जुना गेम खेळताना बटण उशिरा दाबलं गेलं की मित्र म्हणतो “लय चुकली”, हे म्हणतात “ताल चुकला”. बरोबर कोण? शिवाय रॅपला मराठी शब्द कोणता?

तुम्ही बरोबर. लय म्हणजे गती. विलंबित, मध्य, द्रुत. गेममध्ये ती यंत्राच्या ताब्यात असते, तुम्ही बिघडवू म्हटलं तरी बिघडत नाही. ताल म्हणजे मात्रांची चौकट, आणि तुमची हुकली ती त्या चौकटीतली जागा. मिरवणुकीत “ताल वाढव, ताल वाढव” म्हणून नरडं फोडणाऱ्यांना हे कोण सांगणार? वाढते ती लय, बाबांनो. ताल वाढवायचा तर केरव्याच्या आठ मात्रांच्या नऊ कराव्या लागतील, मग नाचून दाखवा. (‘लय भारी’तला ‘लय’ वेगळा. तो आपला ‘लई’. त्याला यात ओढू नका.)

आता खरी गंमत. ताल आला ‘तल’वरून, म्हणजे तळहातावरून. करतल, तळवा, टाळी, टाळ हे सगळे एकाच घरचे. मात्रा मोजायची तर तळव्यावर तळवा, याहून जुनं साधन कुठलं? तरी तांडवाचा ‘ता’ आणि लास्याचा ‘ल’ जोडून ‘ताल’ झाला, असं शिकवणारे संगीतशिक्षक आजही भेटतात. ऐकायला गोड, पण ही व्युत्पत्ती नव्हे, कोडं आहे. १३व्या शतकातला ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेव मोठा माणूस. ज्या सिंघण यादवानं पन्हाळ्याच्या भोज शिलाहाराचं राज्य बुडवलं, त्याच्याच पदरी तो होता. त्यानंही ‘तल्’ म्हणजे प्रतिष्ठित होणे असा धातू धरून गीत, वाद्य, नृत्य तालावर उभी असल्याचं सांगितलं. तत्त्वज्ञान उत्तम, पण समोर वाजणारी टाळी त्याला ऐकू येऊ नये? ‘ताडन’शी, म्हणजे मारण्याशी, नातं लावणारे निदान हाताच्या जवळपास तरी आहेत.

आणि आमचा कैताळ! हलगी, घुमकं, कैताळ हा आपला वाद्यांचा संच. हलगी कडाडते, घुमकं खालून घुमतं आणि कैताळाच्या दोन तबकड्या मधल्या फटी छनछन भरत जातात. माझ्या मते हा शब्द थेट ‘कांस्यताल’, म्हणजे काशाचे टाळ. यावर आक्षेप येतो तो असा, की कांस्यकाराचा कासार झाला तेव्हा ‘स’ टिकला, मग कैताळात तो गेला कुठं? मी म्हणतो, हलगीच्या दणक्यात ‘स’ ऐकू कुणाला येणार? भाषाशास्त्री याला पुरावा मानत नाहीत. त्यांनी एकदा हलगीशेजारी उभं राहून ‘कांस्यताल’ म्हणून बघावं.

तळहाताचा हा मान जपान्यांनी मात्र बरोबर ओळखला. ‘डाँकी काँगा’ हा २००३चा गेम दोन छोट्या ढोलांवर खेळायचा. पडद्यावर खूण आली की ढोल सोडून टाळी वाजवायची, आणि ढोलांमधला मायक्रोफोन ती टिपतो. म्हणजे तिथं ताल धरायचा तो अक्षरशः तलानं! ‘ताइको नो तात्सुजिन’ या दुसऱ्या जपानी गेममध्ये तर नगाऱ्याच्या मधोमध ‘दोन्’ आणि कडेवर ‘का’, असे चक्क बोल आहेत. तबलजींनी जरूर बघावा.

हां, पॅरॅप्पा. १९९६चा, मासाया मात्सुउरा यांचा. नायक कागदासारखा चपटा कुत्रा. जपानीत ‘पेरापेरा’ म्हणजे पातळ, फडफडणारं. त्यावरून त्याचं नाव. पण ‘पेरापेरा’ म्हणजे घडाघडा बोलणंसुद्धा! रॅपरला याहून चांगलं नाव सापडणार नाही.

रॅपला रॅपच म्हणा. ‘तालोक्ती’सारखे शब्द घडवून कुणाचं भलं होत नाही. मराठी शब्द हवाच असेल तर त्या गेममधल्या खेळण्याला आहे: झील धरणं. पहिल्या पातळीवर कांद्याच्या डोक्याचा कराटेगुरू ओळ टाकतो आणि तुम्ही ती झीलकऱ्यासारखी उचलता. पण जशीच्या तशी उचलत राहिलात तर शेरा ‘गुड’च राहणार. ‘कूल’ हवं असेल तर त्याच चौकटीत आपल्या पदरच्या जागा घ्याव्या लागतात. मित्राला म्हणावं, तिथं लय बदलून दाखव.